दिग्व्रत आणि बदामीची सहल

बदामी, पट्टदकल, ऐहोळे. वाटेत जमलं तर बनशंकरी. आणि एवढं लांब गेलोच आहोत तर विजापूरचा गोलघुमट आणि आलमट्टीचं धरणही. सप्तापूरच्या आमच्या श्राविका मंडळानं मार्गशीर्षातल्या दोन दिवसांच्या सहलीसाठी केलेली ही पहिली यादी. अकरा जणी, एक टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे तीनला निघायचं आणि दुसऱ्या दिवशी रात्री बाराच्या आत धारवाडला परत. यादी वाचून सगळ्या खूश झाल्या, कारण कुणालाच काही सोडावं लागलं नव्हतं.

बेत नीट लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसले आणि पाठशाळेत घोकलेली गुणव्रतं आठवायला लागली. पाच अणुव्रतांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, व्याख्यानं ठेवतो. दिग्व्रत, देशव्रत, अनर्थदंडव्रत ही मात्र नुसती परीक्षेपुरती पाठ केलेली. खरं तर प्रवासाला निघणाऱ्या बाईशी सगळ्यात जास्त संबंध याच तिघांचा येतो.

दिग्व्रत म्हणजे दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा ठरवणं. अमुक नदी, अमुक डोंगर, अमुक गाव, याच्या पलीकडे जन्मभर जाणार नाही. देशव्रतात त्याच मर्यादेच्या आत आणखी लहान मर्यादा घ्यायची, ठरावीक काळापुरती: आज या घराबाहेर नाही, हा पंधरवडा या गावाबाहेर नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात याचं कारण फार सुरेख दिलं आहे. मर्यादेपलीकडच्या प्रदेशात आपल्या हातून बारीकसं पापही घडत नाही, म्हणून तेवढ्या प्रदेशापुरती साधी संसारी बाईसुद्धा महाव्रतीसारखीच होते. लेक पुण्यात आणि नातवंडं अमेरिकेत असताना हे व्रत घ्यायचं कसं, असं आपण हसून विचारतो. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण आज तो बाजूला ठेवते.

मला अडवलं ते अनर्थदंडानं. विनाकारण घडणाऱ्या हिंसेचे जे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक प्रमादचर्या. निष्फळ जमीन उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडपाला तोडणं, आणि त्यांच्याच रांगेत निष्फळ भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं. हे शेवटचं वाचून मी पेन खाली ठेवलं. अकरा जणींना आणि एका ड्रायव्हरला भटकायला लावणारा कागद माझ्याच हातात होता.

मंडळात हे बोलून दाखवलं तेव्हा एकीनं लगेच तोड काढली. "अहो, बदामीत आपली गुंफा आहे ना! सहल म्हणू नका, यात्रा म्हणा. मग काही दोष नाही." मला हे पटत नाही. बदामीची चौथी गुंफा जैन आहे, आत पार्श्वनाथ आणि बाहुबली आहेत, हे खरं. पण तिथे आज पूजा-प्रक्षाळ नाही. पुरातत्त्व खात्याकडची ती जागा, तिकीट काढून आत जायचं. आपण तिथे बघायला जातो. गोलघुमटही बघायलाच जाणार होतो. मग सरळ असंच विचारू या ना, की नुसतं बघणं हे निघायला पुरेसं कारण आहे का? नाव बदलून उत्तर टाळण्यात काय अर्थ?

माझं मत असं, की बघणं हे कारण होऊ शकतं. आचार्यांनी चालण्याला दोष दिलेला नाही, निष्फळ चालण्याला दिला आहे. पण मग फळ काय, हे निघण्याआधी सांगता आलं पाहिजे. आमच्या यादीतल्या सहा ठिकाणांपैकी किती ठिकाणांबद्दल ते सांगता येतंय, हे मी एकेक करून पाहिलं. आलमट्टीपाशी पेन थांबलं. बाग छान आहे म्हणतात. बास, एवढंच.

ऐहोळ्याचं मात्र सांगता येतं. गावालगतच्या टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती या जैन कवीचा संस्कृत शिलालेख आहे, शके 556 चा, म्हणजे इसवी सन 634–35. आपण मराठी माणसांनी तर तो मुद्दाम बघावा, कारण त्यात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. रविकीर्तीनं स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंक्तीला बसवलंय. कवी मोठा आणि तोंडानं थोडा धीटही. पण लेख भरलाय कशानं? त्याचा आश्रयदाता दुसरा पुलकेशी याच्या दिग्विजयानं. कोणते राजे नमवले, हर्षाचे हत्ती कसे पडले आणि त्याचा हर्ष कसा मावळला. जिनमंदिराच्या भिंतीवर हे सगळं!

दिग्विजय आणि दिग्व्रत. दिशा त्याच. राजानं दहा दिशांना हात पसरायचे आणि श्राविकेनं त्याच दहा दिशांना आपले पाय आखडते घ्यायचे. रविकीर्तीला हे दोन्ही शब्द ठाऊक असणारच. राजाची स्तुती केल्याशिवाय मंदिर उभं राहिलं नसतं, की त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही? हा प्रश्न घेऊन ती टेकडी चढावी, असं मला वाटतं. पुढचं तर आणखी विचार करायला लावणारं. तो लेख कोरल्यावर आठ वर्षांनी, 642 मध्ये, पल्लव राजा नरसिंहवर्म्यानं बदामी, म्हणजे तेव्हाची वातापी, जिंकून घेतली. पुलकेशीचा खापरपणतू दुसरा विक्रमादित्य यानं त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी पल्लवांची कांची घेतली. पण तिथल्या कैलासनाथ मंदिराचं धन त्यानं लुटलं नाही, देवाचं देवाला परत दिलं. तसा कन्नड लेख त्याच मंदिरात आहे. त्या विजयाची आठवण म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिनं पट्टदकलला देऊळ बांधलं. आज आपण त्याला विरूपाक्ष म्हणतो. सूड उगवायला गेलेला माणूस शत्रूच्या देवळात हात आवरतो, हे मला त्या देवळाच्या शिखराहून मोठं वाटतं.

बदामीतही वरची चौथी गुंफा गाठेपर्यंत बहुतेकींचे पाय थकलेले असतात, आणि माकडं हातातलं काही शिल्लक ठेवत नाहीत. तरी बाहुबलीपाशी थोडं थांबावं. पायांना वेली, साप. गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या आधीची, भरताची गोष्ट आपण पटकन उरकतो. सहा खंड जिंकून भरत चक्रवर्ती वृषभाचलावर आपलं नाव कोरायला गेला, तर सगळा पहाड आधीच्या चक्रवर्तींच्या नावांनी भरलेला. जागाच नाही. शेवटी एकाचं नाव पुसून त्यानं आपलं लिहिलं. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हे आहे. जुन्या भिंतींवर खिळ्यानं कोरलेली नावं आणि बाण मारलेली बदामाची चित्रं पाहिली की मला दर वेळी वृषभाचल आठवतो. आणि खरं सांगू, आमची सहा ठिकाणांची यादीही त्याच जातीची होती. 'हेही झालं, तेही झालं.' दिग्विजयच तो, फक्त टेम्पो ट्रॅव्हलरमधून.

आता अक्कांबद्दल. अक्का आमच्या मंडळातल्या वयानं आणि वाचनानं सगळ्यांत मोठ्या. रविकीर्तीच्या लेखाबद्दल मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. त्यांनी तीस वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतलंय आणि या बाजूची त्यांची सीमा आहे मलप्रभा. नरगुंद सोडलं की कुळगेरी क्रॉसच्या आधी मलप्रभा लागते. बदामी, पट्टदकल, ऐहोळे सगळं तिच्या पलीकडे.

"मी नाही येत गं. माझी नदी आहे ना मध्ये," त्या एवढंच म्हणाल्या.

मंडळाला ते सहन होईना. दक्षिणेला त्यांची सीमा पार श्रवणबेळगोळपर्यंत आहे. आता या वयात त्या तिकडे जाणार नाहीत. मग तिकडचे शंभर किलोमीटर कमी करून इकडे वाढवले तर? हिशेब तोच राहतो. सुचवणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांना हे खात्यावरून खात्यावर रक्कम वळती करण्यासारखं वाटलं. अक्का हसल्या. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यात क्षेत्रवृद्धी म्हणून आहे. एका दिशेचं कमी करून दुसऱ्या दिशेला वाढवून घेणं, ते हेच. आपल्याला आज सुचलेली पळवाट उमास्वामींनी नाव देऊन ठेवलेली आहे.

"मग व्हिडिओ कॉल करू, अक्का. मेगुती दाखवू." त्यालाही नाही. मर्यादेबाहेरून वस्तू मागवणं, माणूस पाठवणं, हाक मारणं, स्वतःला दाखवून खूण करणं, खडा टाकणं, हे देशव्रताचे अतिचार. अक्कांनी ते आपल्या नदीलाही लावून घेतलेत. मोबाइल निघायच्या कितीतरी शतकं आधी 'रूपानुपात' हा शब्द होता, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

त्यांची नात मात्र चिडली होती, आणि तिचं म्हणणं मी खोडू शकले नाही. ती म्हणाली, "आज्जीनं नदी निवडली तेव्हा पलीकडे काय आहे ते तिला माहीतच नव्हतं. नंतर वाचलं तिनं. न कळता आखलेली रेघ कशाला पाळायची?" ज्या बाईला तो लेख खरोखर कळला असता, तीच तेवढी जाणार नाही, आणि आलमट्टीच्या बागेसाठी आलेल्या जाणार. हे नुकसान खरं आहे. व्रताची थोरवी सांगून ते भरून निघत नाही. पण पलीकडे काय आहे हे कळल्यावर, हवं ते आत घेऊन जी आखायची, ती सीमा कसली? ती तर आवडीची यादीच झाली. नातीला हे सांगितलं. तिला पटलं नाही. तिनं काही उद्धटपणा केला असंही मला वाटत नाही.

बेत आता असा झालाय. चातुर्मास संपून महिना उलटलेला असेल, पावसाळी किडा-मुंगी कमी झालेली. सकाळी उजाडल्यावर निघायचं. पहाटे तीनला नाही. रात्रीच्या दिव्यांवर झेपावून काचेवर चिरडणारे जीव आणि ड्रायव्हरची झोप, दोन्ही 'भटकायला लावण्या'त मोजावं लागतं. पहिला दिवस पूर्ण बदामीला. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, त्याआधी जेवण उरकायचं. खाणावळीत कांदा-लसूण टाळून मागण्यापेक्षा डबा बरा: कडक रोट्या, लसूण न घातलेली शेंगाचटणी, गाळून उकळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी पट्टदकल वाटेवरच आहे म्हणून दीड तास, बाकी वेळ ऐहोळे. विजापूर, आलमट्टी, बनशंकरी वजा. ते कळल्यावर दोघींनी नावं काढून घेतली. माणशी वर्गणी थोडी वाढली.

पहिल्या दिवशीच्या न्याहारीच्या रोट्या अक्का करून देणार आहेत. फक्त त्यांची अट आहे, की त्या सगळ्या नरगुंदापाशीच संपवायच्या, नदी यायच्या आत.