‘मला काही होत नाही’

जांभूळच्या आसपास, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, बंद टाकीत उतरण्याचा एक नियम आहे. आधी आतली हवा तपासायची आणि दोरी धरून एकाने बाहेर उभं राहायचं. नियम पाळला जातोच असं नाही. ‘मला काही होत नाही’ म्हणणारा एक जण सगळीकडे असतो.

तो आकाशातही भेटतो. हडपसरला विंचने ओढून वर सोडलेल्या ग्लायडरमध्ये ऑक्सिजनचा प्रश्न येत नाही, तेवढी उंचीच नसते. पण डोंगरावरून उसळणाऱ्या वाऱ्याच्या लाटेवर इंजिनाशिवाय खूप उंच जाता येतं. पॉल बिकल 1961 साली 14,102 मीटरवर पोचला होता, अर्थात ऑक्सिजन घेऊन. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे 12,500 फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं तर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा. 14,000 फुटांच्या वर तो सतत हवा. यावर काही जुने-जाणते वैमानिक म्हणतात, माझं शरीर मला कळतं, त्रास वाटला की नळी लावीन.

घोळ इथेच आहे. प्राणवायू कमी पडला की आधी गुदमरत नाही. विचार मंदावतो आणि वर छान वाटतं. 15 एप्रिल 1875 रोजी ‘झेनिथ’ या बलूनमधून तिघे फ्रेंच सुमारे 8,600 मीटरपर्यंत गेले. ऑक्सिजन सोबत होता. त्यांतल्या तिसांदिएने नंतर लिहिलं की नळीकडे हात न्यायचा होता, पण हात उचललाच गेला नाही. वेदना नव्हती, उलट आनंद वाटत होता. त्याचे दोन्ही सोबती गेले.

म्हणजे ‘मला ठीक वाटतंय’ ही साक्ष जो देतो, त्याचीच शुद्ध संशयास्पद असते. करोनानंतर घरोघरी आलेलं बोटाला लावायचं यंत्र उपयोगी आहे, पण त्यातला आकडा वाचून ठरवणारा मेंदू तोच.

‘जीव माझा, धोका माझा’ हा युक्तिवाद मला एरवी पटतो. मेसनर आणि हाबेलर 1978 मध्ये ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर गेले ते खालीच ठरवून. इथे मात्र ‘मी’ दोन आहेत: जमिनीवरचा शुद्धीतला आणि वरचा खुशीतला. निर्णय पहिल्याचा असायला हवा. गळ्यात माळ घातलेला वारकरी प्रत्येक ताटासमोर मटणाचा नव्याने विचार करत बसत नाही. तो माळ घातली त्या दिवशीच झालेला असतो. नळी दहा हजार फुटांवरच लावायची, कसंही वाटो, हे त्याच जातीचं.

टाकीच्या तोंडाशी निदान दोरी धरणारा तरी असतो. उंच उडणाऱ्या ग्लायडरमध्ये बरेचदा एकच माणूस असतो.