पडद्यावरची बंदूक खरी हवी

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी गावाच्या नावाला आज ‘शहीद’ हे बिरुद जोडलेले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, गावकऱ्यांचा जमाव तिथल्या पोलीस ठाण्यावर चालून गेला. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. खवळलेल्या जमावाच्या हातून फौजदार आणि शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूर पेटले. तिथे नंतर झालेल्या सरकारी अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. जयकृष्ण भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केले. या घटनांवर उद्या कुणी चित्रपट काढायचा ठरवला, तर त्याने सुरुवातीलाच एक प्रश्न सोडवला पाहिजे: पोलिसांच्या हाती बंदूक कोणती द्यायची?

हा प्रश्न केवळ शस्त्रांच्या हौशी संग्राहकांचा नाही. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा कमी दर्जाची शस्त्रे ठेवण्याचे धोरण धरले. त्याच अविश्वासातून पुढे पोलिसांसाठी .४१० मस्केट आली. दिसायला ती लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीसारखीच. पण नळी आतून गुळगुळीत, मॅगझिन लाकडी ठोकळ्याने बंद केलेले. एक काडतूस घालायचे, एक बार काढायचा आणि पुन्हा दुसरे काडतूस घालायचे. दहा गोळ्यांची .३०३ रायफल आणि ही एकबारी मस्केट यांतला फरक पडद्यावर प्रेक्षकाच्या सहज लक्षात येणार नाही. प्रसंगाचा अर्थ मात्र त्या फरकाने पालटतो. एकबारी बंदुकीच्या दोन बारांमध्ये जमावाला पुढे सरकायला अवधी मिळतो आणि शिपायाच्या मनात भीती शिरायलाही. सलग गोळ्या झाडणाऱ्या रायफलीसमोर हा अवधी उरत नाही. जमावाचे धैर्य, शिपायांची घबराट आणि दोन्हीकडची जीवितहानी यांचा हिशेब त्या एका हत्यारावर ठरतो. म्हणून आष्टीच्या ठाण्यात त्या दिवशी कोणते हत्यार होते, हे दिग्दर्शकाने पटकथा लिहिण्याआधी सरकारी दप्तरातून शोधले पाहिजे.

जालियनवाला बागेचे उदाहरण घ्या. १३ एप्रिल १९१९ रोजी तिथे सुमारे पन्नास रायफलधारी शिपायांनी दहा मिनिटांच्या आसपास गोळीबार केला आणि १६५० गोळ्या झाडल्या. म्हणजे दर शिपायामागे तेहतीस. ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावतात. याचा अर्थ प्रत्येकाला सरासरी तीनदा तरी थांबून नव्या गोळ्या भराव्या लागल्या. भरताना समोरची माणसे दिसत होती, आणि भरून झाल्यावर गोळीबार पुन्हा सुरू होत होता. ‘क्षणिक आवेश’ ही सबब या हिशेबापुढे टिकत नाही. एखाद्या चित्रपटात शिपाई न थांबता, न भरता गोळ्या झाडत राहिले, तर दृश्य अधिक भीषण दिसेल; पण थांबून, भरून, पुन्हा मारण्यात जो थंड निश्चय होता, तो पडद्यावरून पुसला जाईल. चुकीच्या तपशिलाने गुन्हा असा हलका होतो.

‘वेस्टर्न’ चित्रपटांतही हा प्रश्न जुनाच आहे. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) हा गाजलेला चित्रपट १८६२च्या अमेरिकी यादवी युद्धात घडतो. त्यात पूल डायनामाइटने उडवला जातो. डायनामाइटचे पेटंट मात्र १८६७चे. पात्रांच्या पिस्तुलांत धातूची काडतुसे आहेत. त्या युद्धातल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासून मागे टोपी बसवावी लागे. सहा बार संपले की माणूस बराच वेळ निःशस्त्रच होई. हा वेळ चित्रपटांनी कापून टाकला, आणि अमेरिकेचा पश्चिम म्हणजे क्षणात निकाल लावणाऱ्या नेमबाजांचा मुलूख, ही समजूत जगभर पसरली.

आपले शिवकालीन चित्रपट आणि मालिका हीच वाट चालत आहेत. त्या काळची बंदूक प्रामुख्याने तोड्याची. पेटती जामगी, म्हणजे वात, जपायची, बंदुकीच्या कानात दारू घालायची, नळीत दारू-गोळी ठासायची, मग बार. पावसात अशा बंदुकीचा भरवसा नसे. १३ जुलै १६६०ची घोडखिंडीची लढाई भर पावसाळ्यातली आहे. बाजीप्रभूंच्या मावळ्यांनी खिंड तलवारीने आणि भाल्याने का अडवली, याचे एक कारण त्या पावसातही शोधता येते. पडद्यावर मात्र बंदुका कोरड्या राहतात, आणि तोफेचा भरीव लोखंडी गोळा जमिनीवर पडताच आगीचा डोंब उसळतो. फुटणारे गोळे असत, पण ते गरनाळीचे. साध्या तोफेचा गोळा तट फोडी, रांगा चिरत जाई.

यावर नेहमीचे उत्तर असते की चित्रपट ही कला आहे, संग्रहालय नव्हे. ते अर्धे खरे आहे. संवाद रचावे लागतात, काळ आक्रसावा लागतो, कधी दोन पात्रांचे एक करावे लागते. हे स्वातंत्र्य कलावंताचेच. पण शस्त्र हे सजावटीचे सामान नव्हे. किती अंतरावरून, किती वेळात, किती माणसे मारता येतात, हे ते ठरवते. ते बदलले की शौर्याचे मोल आणि अपराधाचे वजन दोन्ही बदलतात.

हा अभ्यास अवघड नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. पुण्यात केळकर संग्रहालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. निर्मात्यांनी वेशभूषाकाराइतकाच शस्त्रांचा जाणकार आवश्यक मानावा आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत द्यावे. प्रेक्षकांनीही ही अपेक्षा उघडपणे बोलून दाखवावी. एवढे कष्ट ज्याला घ्यायचे नसतील, त्याने खुशाल कल्पित कथा सांगावी. तिला ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणण्याचा अधिकार त्याला नाही.