काका, लोकेशन?

बोरिवलीच्या एका पोराने परवा गळाला जिताडा काढला. चांगला हातभर लांब. व्हिडिओ टाकला, पण जागा सांगितली नाही. लोकेशन विचारणाऱ्यांना नुसता हसरा चेहरा पाठवला आणि गप्प बसला. मासा छातीशी धरलेला, आणि डाव्या खांद्यामागे, खारफुटीच्या वर, गोराईच्या पॅगोडाचं सोनेरी शिखर लख्ख दिसतंय! 2009 साली उघडलेली ती वास्तू तीनशे फुटांहून उंच आहे. ती झाकायची तर मासाही तेवढाच हवा. शिखर एवढं दिसतंय, विजेचा मनोरा त्याच्या उजवीकडे येतोय, म्हणजे पठ्ठ्या कुठे उभा असणार, हे कुणीतरी तासाभरात सांगून टाकलं. पुढच्या रविवारी त्या चार माणसांच्या खडकावर वीस जण होते.

गंमत अशी की हे गणित कोळ्यांचंच आहे, फक्त उलटं. किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला अमुक झाड तमुक टोकाच्या आड गेलं, की होडी जागेवर आली, असं खुणा धरून ठिकाण साधायची रीत जीपीएसच्या कितीतरी आधीची. समुद्रावर रस्ता नाही, पाटी नाही, म्हणून जमिनीला साक्षीला बोलवायचं. आता तीच जमीन व्हिडिओतून चहाडी करते.

जागा सांगावी की नाही, यावर मुंबईच्या हौशी गळवाल्यांत कायम दोन तट असतात. एक म्हणतो, समुद्र काय तुझ्या बापाचा आहे का? दुसरा म्हणतो, दहा वर्षं चिखल तुडवून मी ही जागा शोधली, ती तुला बसल्याजागी का देऊ? दोघांचंही खरं आहे, त्यामुळे भांडण मिटत नाही. लपवणारे बहुधा माशांच्या काळजीचं कारण पुढे करतात. त्यात खरी काळजी किती आणि मालकीची हौस किती, हे त्यांच्या पिशवीत डोकावल्यावर कळतं. माशांची काळजी वाहणाऱ्याच्या पिशवीत बोटभर पिल्लं नसावीत, एवढी माझी साधी अपेक्षा आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासे धरू नयेत म्हणून. हे गळाची काठी हातात धरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

मी मात्र या भांडणात वेगळ्याच गोष्टीशी अडतो. गुपित राखणं ही जुनी, शहाणी रीत आणि जागा वाटणं हे नव्या पोरांचं खूळ, असं सगळे गृहीत धरतात. वेसाव्याला जाऊन बघा. तिथल्या डोलीची जागा कधीच गुपित नव्हती. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून बसणारं पिशवीसारखं जाळं. बोंबील, करंदी, जवळा त्यात वाहत येऊन पडतो. ते एका ठिकाणी बांधलेलं असतं आणि त्याची पिंपं पाण्यावर तरंगताना दुरूनही दिसतात. कोणाची डोल कुठे, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. तरी तिथे दुसरा कुणी सहसा जाळं टाकत नाही, कारण टाकलं तर विचारणारं कुणीतरी आहे. घराणं आहे, जमात आहे, सोसायटी आहे. जागा उघडी आणि हक्क ठरलेला, ही खरी जुनी रीत. लपवाछपवी सुरू होते ती जिथे विचारणारं कुणीच नाही तिथे.

पवईचं तसंच. 1891 च्या सुमारास बांधलेला हा तलाव पिण्याच्या पाण्याला काही उपयोगी ठरला नाही, पण मासेमारीसाठी तो सगळ्या मुंबईला माहीत आहे. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन कित्येक दशकं ठाण मांडून आहे. सभासद व्हा, परवाना घ्या, नियम पाळा. (काठावरच्या मगरीही शिस्त लावतात, ती गोष्ट निराळी.) ही जागा जाहीर करून करून आणखी किती जाहीर करणार? तलावाची दुर्दशा झाली ती सांडपाण्याने आणि जलपर्णीने, गळवाल्यांच्या गर्दीने नव्हे.

लोकेशन वाटल्याने मासे संपतात हेही सरसकट खरं नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून मासे कुठे सापडण्याचा संभव आहे ते फुकट जाहीर करते, मराठीतसुद्धा. देशाचं सरकारच लोकेशन टाकतंय म्हणा ना! पण त्यातले थवे आज इथे तर परवा तिथे. माहिती शिळी होते आणि शिळी होते म्हणूनच ती वाटायला सोपी. गोराई, मनोरी, मढ किंवा मुलुंडकडून ऐरोली पुलाखाली जिथे चार माणसं गळ टाकतात, तिथला खडक कुठे जात नाही. पुलाचा खांब जात नाही. आणि त्या खांबाच्या आडोशाला भक्ष्यासाठी दबा धरून बसणारा जिताडाही तिथून फारसा हलत नाही.

जिताड्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. हा मासा जन्मभर एक लिंग घेऊन जगत नाही. तरुणपणी तो नर असतो आणि पुढे वाढत वाढत मादी होतो. म्हणजे फोटोत ज्याला दोन हातांनी उचलावं लागतं तो मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते. खाडीच्या एका वळणावर अशा किती असणार? गुपित जपणारा म्हातारा वर्षाला त्यातली एखादी काढत होता. वीस जण एका पावसाळ्यात सगळ्या काढतील. वर तंगूसचे गुंते खारफुटीच्या मुळांना अडकवून जातील, आणि त्यात पुढे बगळे अडकतील. किमान आकाराचा नियम पिल्लांना वाचवतो, आजीबाईला नाही.

मग तोंड शिवून बसावं का? इथेच माझं मन डळमळतं. या शहरात जी पाणथळ जागा कुणाला माहीत नाही, तिच्यावर भराव पडताना ओरडायलाही कुणी नसतं. पवईच्या काठाने सायकल मार्ग बांधायला घेतला तेव्हा लोक कोर्टात गेले आणि 6 मे 2022 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला. पवई लोकांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून हे घडलं. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य मिळालं आणि 2022 मध्ये रामसर यादीत जागा मिळाली, त्यामागेही भांडुप उदंचन केंद्रापाशी दुर्बिणी घेऊन उभ्या राहणाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. आपल्या डोहाचं नाव कुणालाच न सांगणारा माणूस त्या डोहाला बेवारस मरायला ठेवतो, हेही तितकंच खरं. पक्षी पाहणाऱ्यांनी यातून आपल्यापुरती वाट काढली आहे. ईबर्डवर कोट्यवधी नोंदी जगभर खुल्या आहेत, पण ज्यांना शिकाऱ्यांचा किंवा गर्दीचा धोका आहे अशा जातींची नेमकी जागा ती यंत्रणा आपणहून झाकते. खाडी सांगायची, घरटं सांगायचं नाही.

गळवाल्यांनी तेवढं केलं तरी पुष्कळ. कारण नकाशावरची ती लाल टाचणी तशीही अर्धवटच असते. आपल्या किनाऱ्यावर जागा म्हणजे नुसती जागा नसते, तिला वेळही असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास अंदाजे निघतो, हे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते संथ चढतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भरदुपारी बाराच्या सुमारास, आणि मघाशी ज्या खडकावर डबा उघडून बसला होतात तो गुडघाभर पाण्याखाली, परतायची वाट कमरेएवढ्या. टाचणी यातलं काही बोलत नाही. ओहोटीला टाकलेलं लोकेशन बघून भरतीला गेलेली पोरं खडकावर अडकतात, आणि त्यांना काढायला शेवटी कोळीवाड्यातली होडीच जाते.

म्हणून मला कुणी विचारलं, काका लोकेशन टाका ना, तर मी तिथी सांगतो, आमिष सांगतो (जिवंत कोळंबीला तोड नाही) आणि गरी कुठली लावायची तेही सांगतो. जागेचं म्हणाल तर रविवारी पहाटे गोराई जेट्टीवर या, पहिल्या बोटीने जाऊ, पाण्याचा डबा तुम्ही उचला. एवढं म्हटलं की निम्मे जण आपोआप गळतात. उरलेल्यांपैकी काहींना साडेपाचला जाग येत नाही. जे येतात त्यांच्याशी मग चार तास बोलणं होतं. मोठा मासा लागला तर तो परत सोडायचा की नाही यावर वाद होतो, आणि तो वाद दर वेळी मी जिंकतोच असं नाही.