रिकाम्या फळीचे माप

मुंबई-अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे छेदतो, त्या सुरतजवळच्या कडोदऱ्यात खानदेशातली पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. त्यांतल्या एका घरात एक मुलगा होता. आयटीआय करून तो जवळच्याच कारखान्यात लागला होता. संगणकावर सुटे भाग आखायचे आणि थ्रीडी प्रिंटरवर त्यांचे नमुने काढायचे, हे त्याचे काम. हात नेटका, नजर बारीक. व्हर्नियरने मोजल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नसे.

त्याने घरी विजेवर चालणारा स्केटबोर्ड करायला घेतला. मेपल लाकडाचे सात थर चिकटवून केलेली फळी आणली. मोटर, पट्टा, रिमोट मागवला. स्पीड कंट्रोलर घेतला तो स्वीडनच्या बेंजामिन व्हेडर यांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आराखड्यावरचा. बॅटरीसाठी १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे ३० लिथियम सेल घेतले. तीन-तीन सेलचे दहा गट करून ते एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात. हे सगळे बाजारात मिळते. फळीच्या पोटाशी बॅटरी धरून ठेवणारी पेटी मात्र नेमकी बसेल अशी तयार सहसा मिळत नाही, कारण प्रत्येकाची फळी वेगळी आणि आतली मांडणीही वेगळी. ती ज्याची त्यानेच करायची.

मुलाने फळी टेबलावर उलटी ठेवली आणि तिचा बाक, रुंदी, भोकांमधले अंतर, सगळे मोजून घेतले. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, सुरतच्या उन्हात ते टिकायचे नाही, म्हणून त्याने पीईटीजी निवडले. प्रिंटर लहान होता, तेव्हा पेटी तीन तुकड्यांत छापून चिकटवली. सगळे गट निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्ड करून एक सलग बॅटरी बनवली आणि जरासुद्धा हलू नये अशी गच्च बसवली. बारा स्क्रू आवळले. लाकूड आणि पेटी यांच्यामध्ये कागदही शिरत नव्हता.

त्याचे मामा यंत्रमागावरचे जुने जॉबर. त्यांनी पेटीवरून हात फिरवला.

"काम सुबक झालंय. माप कधी घेतलंस?"

"परवाच, मामा. व्हर्नियरनं. कुठं रेघभर फरक नाही."

"कशानं घेतलंस ते नाही विचारलं," मामा म्हणाले.

मुलाला प्रश्न कळला नाही आणि त्याने पुन्हा विचारलाही नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी हेल्मेट घालून तो कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर गेला. बोर्ड छान पळाला. पहिल्याच गतिरोधकावर खालून काडकन आवाज आला आणि मोटर बंद पडली. ब्रेकही त्याच बॅटरीवर चालणारा, तोही गेला. मुलगा कडेच्या गवतात उडी मारून वाचला. घरी येऊन पेटी उघडली तर ती जोडावर तडकलेली होती आणि निकेलची एक पट्टी तुटली होती. तिचे मोकळे टोक शेजारच्या सेलला टेकले असते तर बॅटरीने कदाचित पेटही घेतला असता.

"प्लास्टिक कच्चं पडलं," मुलगा म्हणाला. त्याने दुप्पट जाडीची पेटी छापली, स्क्रू वीस केले, बॅटरी पुन्हा जोडली. या खेपेला पेटी तडकली नाही. तिने लाकडातले स्क्रूच उपटून काढले.

तेव्हा मामांनी अंगणात दोन विटा ठेवल्या आणि चाकांचे दांडे जिथे बसतात तिथे टेकवून रिकामी फळी त्यांवर आडवी घातली. "चढ हिच्यावर," ते म्हणाले. मुलगा चढला. धाकट्या बहिणीने शाळेची पट्टी लावली.

"दादा, मधोमध बारा मिलिमीटर खाली आली!"

"आता जरा दबून उसळ," मामा म्हणाले. फळी आणखी खाली गेली आणि वर आली.

मुलगा गप्प झाला. फळी वाकली की तिचे पोट ताणले जाते, भोके एकमेकांपासून दूर सरकू पाहतात. कडक पेटी त्यांना सरकू देत नव्हती. मग कधी पेटी हरत होती, कधी लाकूड.

मामा म्हणाले, "बंद मागावर ताण बघून धागा कुठं तुटेल ते कळत नाही. माग चालू करून बघावं लागतं. तू मोजलीस ती टेबलावर पडलेली फळी. रस्त्यावर नेलीस ती तुला अंगावर घेतलेली. या दोन फळ्या एक नव्हेत."

मुलाने सगळी मापे पुन्हा घेतली, या वेळी फळीवर स्वतः उभे राहून आणि बहिणीच्या हाती पट्टी देऊन. जमिनीपासूनची उंचीही तशीच मोजली. एका पेटीच्या जागी दोन लहान पेट्या केल्या आणि मध्ये अंतर सोडले. सेलचे गट फळीला आडवे ठेवले आणि त्यांना निकेलऐवजी सिलिकॉनचे वेष्टन असलेल्या मऊ तारांनी, थोडी ढील ठेवून जोडले. स्क्रूची भोके लांबट केली. लाकूड आणि पेटी यांच्यामध्ये स्पंजाच्या रबराची पट्टी घातली. ती दबते, फुलते आणि पाणीही अडवते.

"दिसायला पहिलीच चांगली होती," मुलगा म्हणाला.

"टेबलावर," मामा म्हणाले.

या बोर्डने तोच गतिरोधक ओलांडला, पुन्हा पुन्हा ओलांडला. संध्याकाळी मुलाने पेट्या उघडून एकेक जोड तपासला. एकही तुटला नव्हता, एकही स्क्रू सैल झाला नव्हता.

तात्पर्य : ज्याला भार वाहायचा आहे, त्याचे माप भाराखालीच घ्यावे आणि वाकण्यापुरती जागा आधीच सोडावी.