वालुकार्णवातला सोबती

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालय ओलांडतात तेव्हा त्यांच्यासमोर वालुकार्णव, म्हणजे वाळूचा समुद्र, पसरलेला असतो. मागे एक कुत्रा चालत असतो. पुढे द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून कोसळतात. युधिष्ठिर थांबत नाही. मात्र त्या कुत्र्याला टाकून इंद्राच्या रथात बसायला तो नकार देतो. आश्रिताचा त्याग न करणे हा धर्म होय, हे या कथेतून आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. त्या वाळूत आणखी कोणाची वस्ती होती, हे मात्र कथा विचारत नाही.

थरच्या वाळवंटात वसंतातल्या सकाळी कुत्र्यासह चालू लागले की हा प्रश्न टाळता येत नाही. जैसलमेरकडील ओरणांत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या कुरणांत, फाल्गुनात रोहिडा पिवळ्या, नारिंगी, लाल फुलांनी लदबदतो; पर्णहीन केरावर विटकरी फुले येतात; फोगाच्या कळ्या तर रायत्यासाठी खुडल्या जातात. रात्रीच्या थंडाव्यातली वाळू अजून तापलेली नसते. ऊन चढू लागले की सांडा बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो. कुत्र्याला फुलांचे काही नसते. रात्री कोणती खोकड कुठून गेली, हे तो नाकाने वाचत जातो, आणि त्याचा तो निर्भेळ आनंद पाहताना आपल्यालाही साखळी सोडावीशी वाटते.

इथेच पेच आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माळढोकाची मादी तर एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवरच. नान्नजच्या माळावरून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी आता मुख्यतः थरमध्येच उरला आहे. त्याच्या ऱ्हासाचे खापर कुत्र्यावर फोडणे अन्यायाचे होईल. विजेच्या तारांनी त्याला अधिक ग्रासले आहे. परंतु मादी अंड्यावरून उठली की ते उन्हात आणि कोल्ह्याकावळ्यांच्या नजरेत उघडे पडते. पाठलाग करणारा कुत्रा निष्पाप असतो, कारण त्याला निवड नाही. निवड साखळी धरणाऱ्याला असते. म्हणून जवळच्या जिवाविषयीची माया ही आपोआप भूतदया ठरत नाही. ती कधी कधी आपल्याच सुखाची वाढीव हद्द असते.

मग साखळी आवळली की सुटलो, असेही नाही. मारवाडात 1730 साली खेजडली येथे झाडांसाठी 363 बिश्नोईंनी प्राण दिले. त्यांचे वंशज कुत्र्यांनी फाडलेल्या चिंकाऱ्यांच्या जखमा आजही धुतात. जीवदयेच्या त्याच नियमाने दारातल्या कुत्र्यालाही भाकरी मिळते, आणि त्या भाकरीवर पोसलेली टोळी पहाटे पुन्हा पाडसाच्या मागे लागते.