रात्रपाळी कुणाची

ऐरोलीला ठाणे-बेलापूर पट्ट्यात राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्राला या क्षणी किती वीज हवी आणि किती मिळते आहे, याचा मेळ तिथले अभियंते दिवसरात्र घालत असतात. त्यांच्यासमोर एक आकडा सतत हलत असतो: ५०.०२, ४९.९७, ४९.९३. ही विजेची वारंवारिता. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की आकडा उतरतो, मागे राहिली की चढतो. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या अरुंद वाटेवरून सगळ्या देशाची वीज चालवायची असते. आकडा उतरू लागला की कोयनेला निरोप जातो आणि काही मिनिटांत सह्याद्रीच्या पोटातली जनित्रं फिरू लागतात. पण कोयनेचं पाणी मोजून मिळालेलं आहे. कृष्णा लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, त्यामुळे ते जपून वापरावं लागतं. पुरवठा वाढवता येत नसेल तर उरतो एकच उपाय. कुणाला तरी थांबायला सांगायचं.

कुणाला, हा प्रश्न मला विजेच्या साऱ्या शास्त्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. आता त्याला नवी धार आली आहे, कारण ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. देशातल्या डेटा सेंटरांची जवळपास निम्मी क्षमता मुंबई परिसरात एकवटली आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, म्हणून ती इथे आली. या इमारतींची विजेची भूक वेगळ्या जातीची असते. गिरणीला सुट्टी असते, कारखान्याला पाळ्या असतात, घर रात्री झोपतं. डेटा सेंटर झोपत नाही. मध्यरात्री आणि भर दुपारी त्याची मागणी साधारण सारखीच राहते, आणि ती तशीच पुरवली जाईल हे त्यानं आपल्या ग्राहकांना लिहून दिलेलं असतं. तिसऱ्या श्रेणीचं डेटा सेंटर ९९.९८२ टक्के उपलब्धतेची हमी देतं. म्हणजे वर्षभरात दीड-पावणेदोन तासांपेक्षा जास्त खंड चालत नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या मानानं ही दीड टक्क्याच्या आसपास. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ वर जाईल असा तिचा होरा आहे. पण जगाची सरासरी फारसं काही सांगत नाही, कारण हा भार विखुरलेला नसतो, तो एकाच जागी येऊन बसतो. आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजलेल्या विजेतली २१ टक्के डेटा सेंटरांनी घेतली, देशातल्या सगळ्या शहरी घरांपेक्षाही जास्त. तिथल्या ग्रिडनं डब्लिनभोवती नव्या जोडण्या जवळपास बंदच केल्या.

महानगराला वीज हवी म्हणून कुणीतरी वाकायचं, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं ते मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. पुढे मुळशीत धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातल्या पन्नासेक गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ ते १९२४ या काळात पांडुरंग महादेव बापट यांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, आणि त्याच लढ्यानं त्यांना सेनापती ही उपाधी दिली. लढा हरला. १९२७ पासून मुळशीचं पाणी भिरा इथे कोसळून मुंबईसाठी वीज करू लागलं, ते आजही करतं. गिरण्यांची मागणी कमी करता येईल का, तिची वेळ बदलता येईल का, हे त्या काळी कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. मागणी हा जणू निसर्गनियम, आणि खाचरं हलवता येण्याजोगी.

स्वातंत्र्यानंतर ही वाकण्याची पाळी दुसऱ्या एका वर्गाकडे आली. आज परदेशी तज्ज्ञ ‘लवचिक मागणी’विषयी बोलतात तेव्हा ती जणू नुकतीच सुचलेली युक्ती असते. महाराष्ट्रातला बागायतदार शेतकरी ही लवचिकता कित्येक दशकं अंगावर वागवतो आहे. कृषी फीडरला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीनं मिळत आली आहे, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराच्या पुढे बॅटरी घेऊन उसात किंवा गव्हात दारं मोडायला जायचं. पायाखाली साप, जुन्नर-आंबेगावकडे उसाच्या फडात बिबट्या, आणि पौषातली थंडी. ही वेळ पिकाच्या सोयीची नसते, माणसाच्या तर नसतेच. ती ग्रिडच्या सोयीची असते. रात्री शहरं झोपली की कोळशाची जनित्रं बंद करता येत नाहीत, मग ती वीज घ्यायला कुणीतरी हवं. तो कुणीतरी म्हणजे शेतकरी. कृषीपंपाची वीज वर्षानुवर्षं स्वस्त होती, थकबाकी वाढत गेली, म्हणून ती फुकटी आहे असं शहरात सहज म्हटलं गेलं. ती स्वस्त वीज घेताना शेतकऱ्यानं आपली झोप आणि कधीकधी जीव ग्रिडच्या तोलासाठी दिला, ही नोंद कुठल्याच वीजबिलात नाही.

त्यानं या व्यवस्थेशी जुळवून घेण्यासाठी स्वतःचं तंत्रही काढलं. रात्री कितीला लाइट येईल याचा नेम नसतो, म्हणून मोटारीला ऑटोस्विच बसवायचा. वीज आली की पंप आपोआप सुरू. पण एका फीडरवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर एकदम भार येतो आणि डीपी जळतो. मग ऐन हंगामात आठ-पंधरा दिवस दुसऱ्या डीपीची वाट पाहायची. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढण्याचं आवाहन करत राहतं. प्रत्येकानं स्वतःपुरता केलेला शहाणपणा एकाच क्षणी एकत्र आला की ग्रिडला तो अपघात वाटतो.

हेच उलट्या बाजूनं १० जुलै २०२४ रोजी अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात घडलं. जगातली सर्वांत दाट डेटा सेंटर वस्ती तिथे आहे. २३० केव्हीच्या एका वाहिनीवर बिघाड झाला, दाब काही वेळा क्षणभर खाली आला, आणि साठ डेटा सेंटरांनी आपापल्या संरक्षण यंत्रणेनुसार ग्रिड सोडून स्वतःच्या बॅटऱ्या आणि जनित्रं धरली. काही सेकंदांत सुमारे १,५०० मेगावॅट मागणी नाहीशी झाली. प्रत्येक इमारत नेमून दिल्याप्रमाणेच वागली होती. ग्रिड चालवणाऱ्यांना मात्र एका मोठ्या शहराइतका भार न सांगता गेलेला दिसला आणि वाढलेला दाब खाली आणावा लागला. डेटा सेंटर ग्रिड सोडून स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं, तेही पापणी लवायच्या आत, हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं. प्रश्न एवढाच राहतो की ते कुणाच्या सांगण्यावरून, किती वेळ आणि कोणत्या क्रमानं करेल.

आत चालणारी सगळी कामं तातडीची नसतात, हे बाहेरून कळत नाही. चहाच्या टपरीवर दहा रुपयांचा यूपीआय अडकून चालत नाही. रुग्णालयाची नोंद, रेल्वेचं तिकीट, बँकेचा व्यवहार हे त्याच क्षणी व्हायला हवं. पण रात्रीच्या प्रतिलिपी घेणं, चित्रफितींची रूपं बदलून ठेवणं, आणि कृत्रिम प्रज्ञेची प्रतिमानं शिकवणं ही कामं काही तास थांबू शकतात. शिकवणीचं काम आठवडेच्या आठवडे चालतं आणि ठरावीक अंतरानं ते कुठवर आलं याची नोंद जपली जाते. मध्येच थांबवलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. गूगलनं २०२० पासून अशी कामं दिवसातल्या स्वच्छ विजेच्या वेळेकडे सरकवायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियाना आणि टेनेसीतल्या वीज कंपन्यांशी करार करून यंत्र-शिक्षणाची कामंही गरजेच्या वेळी कमी करण्याचं तिनं मान्य केलं. त्याच वर्षी मे महिन्यात ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात २५६ जीपीयू चिपांच्या संचावर एक प्रयोग झाला. ग्रिडवर ताण असताना तीन तास विजेचा वापर २५ टक्क्यांनी खाली आणला गेला, आणि थांबू न शकणाऱ्या कामांचा दर्जा राखला गेला.

ड्यूक विद्यापीठातल्या टायलर नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये काढलेला हिशोब मला या साऱ्यात सर्वांत बोलका वाटतो. ग्रिड वर्षातल्या मोजक्या तासांसाठी बांधलेली असते, बाकीच्या वेळी तिच्यात जागा रिकामी असते. नव्या मोठ्या ग्राहकांनी आपल्या वर्षभराच्या विजेतली फक्त पाव टक्का सोडायची तयारी दाखवली तर अमेरिकेच्या आहे त्या ग्रिडमध्ये सुमारे ७६ गिगावॅट नवा भार सामावेल, असं त्यांना दिसलं. वर्षाला साधारण ८५ तास, एका वेळी सरासरी पावणेदोन तासांच्या आत, आणि त्यातही बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त भार चालूच. आपल्या शेतकऱ्यानं किती रात्री जागून काढल्या त्याच्याशेजारी हे ८५ तास ठेवून पाहावेत.

हा हिशोब पुरवठ्याच्या क्षमतेचा आहे, वाहिन्यांचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. मुंबईची अडचण बऱ्याच अंशी वाहिन्यांची आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा बाजूच्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या, आणि मुंबईला उरलेल्या ग्रिडपासून अलग करून वाचवण्याची जी जुनी योजना होती तीही त्या दिवशी टिकली नाही. शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हापासून खारघर-विक्रोळीसारखी वाहिनी झाली, पण शहराच्या उंबरठ्याशी उभा राहणारा प्रत्येक नवा मोठा भार याच अरुंद दारातून वीज मागणार आहे. दार अरुंद असेल तर आतल्यांनी पाळी लावून घेणं अधिकच गरजेचं.

हे महाराष्ट्राला जमेल का, या शंकेला उत्तर आपल्याच घरात आहे. २००६ साली राज्यात तासन्‌तास भारनियमन चालू होतं. पुण्यातल्या उद्योगांकडे स्वतःची जनित्रं होती, पण ग्रिडपेक्षा ती महाग पडत म्हणून बंद असत. मग असं ठरलं की टंचाईच्या वेळी उद्योगांनी आपली जनित्रं चालवायची, ग्रिडमधली तेवढी वीज शहराला सोडायची, आणि खर्चातला फरक शहरातल्या ग्राहकांनी थोड्या जादा आकारातून भरायचा. कमी वीज वापरणाऱ्या घरांना त्या आकारातून वगळलं होतं. वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होऊन हे मंजूर झालं आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. त्याच सुमाराची अक्षय प्रकाश योजना याहून मला हृद्य वाटते. गावानं मिळून ठरवायचं की संध्याकाळी मोटारी आणि गिरणी चालवायची नाही, त्या बदल्यात घरातले दिवे जाणार नाहीत. सामूहिक संयमावर उभं राहिलेलं हे मागणी व्यवस्थापन होतं, तेही संगणकाशिवाय.

पुण्याच्या त्या वाटेत डिझेल आणि फर्नेस ऑइलचा धूर होता. तो आता नको. रबाळ्याच्या इमारतींच्या आवारात डिझेल जनित्रांच्या रांगा आहेत, आणि लवचिकता म्हणून त्याच चालवल्या तर ताण ग्रिडवरून आसपासच्या वस्तीच्या फुप्फुसांवर जाईल. बॅटऱ्या आहेत, पण नेहमीच्या यूपीएसच्या बॅटऱ्या जनित्र सुरू होईपर्यंतची काही मिनिटंच निभावतात. दोन तास निभावतील एवढ्या बॅटऱ्या घालणं, दुपारच्या सौरविजेवर पाणी थंड करून संध्याकाळी त्यावर शीतकरण चालवणं, हे खर्चिक असलं तरी जमण्यासारखं आहे. आणखी एक खरी अडचण अशी की आपल्याकडची बरीच डेटा सेंटरं भाड्याची असतात. इमारत एकाची, आतले सर्व्हर दुसऱ्यांचे. कोणतं काम थांबवायचं हे मालकाच्या हाती नसतं. त्यामुळे थांबण्याची किंमत भाडेकराराच्या दरापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर ही अट कागदावर राहील.

आज अवघड वेळ मध्यरात्रीची राहिलेली नाही. दुपारी सौरवीज भरपूर असते, म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देणं शक्य होऊ लागलं आहे. सूर्य मावळल्यावर, एप्रिल-मेच्या उकाड्यात, दिवे, पंखे, एसी एकदम चालू होतात तेव्हाचे चार तास खरे कठीण. दिवसरात्र सारखी मागणी घेऊन येणारा ग्राहक या चार तासांतही तेवढीच वीज मागणार. त्याला तेव्हा वाकायला सांगितलं नाही, तर तोल साधायला पुन्हा कोळसा जळेल किंवा पुन्हा एखाद्या ग्रामीण फीडरचं वेळापत्रक बदलेल. दिवसा विजेसाठी शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, रस्त्यावर बसले. इतक्या उशिरा हाती आलेली ती वेळ नव्या ग्राहकाच्या सोयीसाठी परत घेतली जाणं हा माझ्या मते उघड अन्याय ठरेल.

टेक्सासनं जून २०२५ मध्ये कायदाच केला: ७५ मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या नव्या ग्राहकाला आणीबाणीत भार सोडता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी लागेल. आपल्याकडे जमीन, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांतल्या सवलती धोरणात लिहिल्या जातात, त्यांच्या बदल्यात ही सोय मागायला काहीच हरकत नाही. वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या जनसुनावण्यांना शेतकरी संघटना येतात, उद्योजक येतात, पुण्याची प्रयाससारखी संस्था आकडे घेऊन येते. डेटा सेंटरांच्या जोडणीच्या अटी त्याच सुनावण्यांत सर्वांसमोर मांडाव्यात: कोणत्या इमारतीनं किती मेगावॅट सोडायचे, वर्षातून किती तास, किती मिनिटांच्या सूचनेवर, डिझेलशिवाय कसे, आणि सोडले नाहीत तर दंड किती.