कुरडयांची राखण

चिकलठाण्याच्या जुन्या गावठाणात, सुखना नदीच्या अंगाला, एक चौकोनी घर होतं. घरातले नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत कामाला जात. सकाळची पाळी असायची. ७ च्या आत गेटवर कार्ड लागायचं, मग दुपारी ३ पर्यंत मागे वळून बघायची सोय नसायची. घरी थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा आणि गुडघ्यांनी थकलेली आजी.

मे महिना लागला. शाळा बंद झाल्या. पारा ४० च्या पुढे गेला आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसेना. मुलांना बाहेर सोडावं तर ऊन, घरात ठेवावं तर टीव्ही आणि भांडणं. आईच्या जिवाला घोर लागला. आपण कामावर गेल्यावर ही लेकरं दिवसभर करतील काय?

तिने वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवलं. सकाळी शुद्धलेखन, मग पाढे, मग चित्रं, मग कागदाची फुलं. तीन दिवस सगळं नीट चाललं. चौथ्या दिवशी रंगपेटी पलंगाखाली गेली आणि मुलं एकमेकांच्या झिंज्या ओढू लागली.

मग आईने एक युक्ती केली. मूग, मसूर आणि मटकी एका डब्यात कालवली आणि मुलांपुढे ठेवून म्हणाली, "माझ्या हातून सांडलं रे सगळं. निवडून ठेवता का?" मुलं खूश झाली. मांडी घालून बसली. संध्याकाळी तीन वाट्या वेगवेगळ्या भरून आईच्या हातात दिल्या. आईने पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कडधान्यं पुन्हा "सांडली". मुलांनी पुन्हा निवडली.

त्या रात्री धाकटा पाणी प्यायला उठला. ओट्यापाशी दिवा होता. आई तिन्ही वाट्या परत त्याच डब्यात ओतत होती. तो तसाच मागे फिरला आणि अंथरुणावर जाऊन पडला.

सकाळी डबा पुढे आला तेव्हा त्याने हात लावला नाही.

"आम्ही निवडायचं आणि तू कालवायचं. कशाला?" तो म्हणाला.

आईला उत्तर सुचलं नाही. पाळीची वेळ झाली होती. ती डबा तिथेच ठेवून निघून गेली.

आजीने हे सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी सून घरी आली तेव्हा ती म्हणाली, "औंदा कुरडया राहिल्याच बघ. माझ्या एकटीच्यानं होईनात म्हणून गप होते. ही दोघं हाताखाली असली तर घालू का गहू भिजत?"

"आई, ही काय मदत करणार? पसारा मात्र करतील."

"करू दे की," आजी म्हणाली.

३ किलो गहू पातेल्यात पडले. रोज पाणी बदलायचं काम थोरलीकडे आलं. नळाला पाणी रोज येत नव्हतं. आलं की ड्रम भरून ठेवायचे आणि पुढचं पाणी येईपर्यंत तेच पुरवायचं. पहिल्या दिवशी थोरली आंबूस पाणी मोरीत ओतायला निघाली, तशी आजीने हाक मारली.

"थांब गं माय. हे पाणी कुठून येतं, ठाऊक आहे का?"

"नळातून."

"पैठणहून येतं. नाथसागरातून. ५० किलोमीटर चालून येतं तुझ्या ड्रमात. गोदावरीवर जायकवाडीचं धरण झालं, १९७६ साली पुरं झालं, तेव्हा किती तरी गावं पाण्याखाली गेली. माझं माहेर त्यातच गेलं."

थोरली पातेलं धरून उभीच राहिली. मग तिने ते पाणी बादलीत काढलं आणि अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं. त्यानंतर तिला कोणी सांगावं लागलं नाही.

तीन दिवसांनी गहू बोटाने चुरडून पाहिला. आतून पांढरं दूध आलं. मिक्सरमधून काढून, फडक्यातून पिळून चीक रात्रभर निवळत ठेवला. उरलेल्या चोथ्याच्या आजीने भुसवड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आईला साप्ताहिक सुट्टी होती. उजाडायच्या आत तिने पाण्याला आधण आणलं, मीठ-हिंग टाकलं, वरचं नितळ पाणी काढून चीक ओतला आणि लाटण्याने घोटू लागली. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा चकाकू लागला. मुलांनी वाटी पुढे केली. गरम चीक, वर तूप आणि साखर. त्यासाठी धाकटा पहाटे ४ पासून जागा होता.

मग गच्चीवर जुनी साडी अंथरली. आजीच्या मनगटात सोऱ्या दाबायचा जोर उरला नव्हता. म्हणून सोऱ्या धाकट्याने पोटाशी धरून दाबला आणि थोरलीने गोल फिरवत कुरडई घातली. पहिल्या काही कुरडयांना आकारच आला नाही. आईचा हात दोनदा पुढे आला. आजीने नुसतं तिच्याकडे पाहिलं. हात मागे गेला. पुढच्या कुरडया गोल होऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा गच्ची उघडी ठेवून कामाला गेले. राखण मुलांकडे होती. जिन्याच्या सावलीत दोघं बसली, शेजारी ताकाचा तांब्या आणि कावळे हाकायला काठी. दर थोड्या वेळाने थोरली उठायची, एक कुरडई उचलून खालून पाहायची आणि परत ठेवायची. विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की धाकटा त्यालाही काठी उगारायचा.

दुपारी २ च्या सुमाराला वारा पडला. मग एकदम सुटला. विमानतळाच्या बाजूने धुळीचा लोट उठला आणि आभाळ काळवंडलं. आजी खाली झोपली होती, आणि जागी असती तरी तिला घाईने जिना चढवला नसता. थोरलीने इकडे-तिकडे पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं.

"वाळलेल्या पाटीत भर," ती ओरडली. "ओल्यांना हात लावू नको!"

धाकट्याने पाटी भरून खाली नेली. मग दोघांनी साडीची चार टोकं ताणून धरली आणि ओल्या कुरडया जशाच्या तशा, एकेक पायरी उतरत, जिन्याखाली आणल्या. शेवटच्या पायरीवर धाकट्याचा पाय सरकला. कडेच्या कुरडया मोडल्या. तेवढ्यात वळवाचे टपोरे थेंब गच्चीवर आपटू लागले.

आई चिंब भिजून घरी आली ती थेट गच्चीवर गेली. गच्ची रिकामी होती. ती जड पावलांनी खाली आली, तर जिन्याखाली साडी पसरलेली आणि तिच्या कडेला दोघं पहाऱ्याला बसलेली.

"थोड्या मोडल्या," धाकटा खाली मान घालून म्हणाला.

"मोडक्यांची भाजी होते," आजी आतून म्हणाली. रात्री कांदा-मिरचीच्या फोडणीत कुरडयांची भाजी झाली आणि धाकट्याने दोनदा मागून घेतली.

सकाळी आई निघताना दाराशी थांबली. "आज काय करणार?" तिने विचारलं.

"आणखी एक ऊन द्यायचंय," थोरली म्हणाली. "कडकन मोडली की झाली. मग आजीला सांडगे घालायचेत."

गच्चीची किल्ली आई नेहमी पर्समध्ये घालून नेत असे. त्या दिवशी तिने ती थोरलीच्या हातात दिली आणि कामावर गेली. भिंतीवरचं वेळापत्रक पुढे कधी गळून पडलं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कडधान्यं निवडणं काही वाईट काम नव्हतं. पण ती निवडली काय आणि न निवडली काय, घराचं काहीच अडत नव्हतं, आणि हे आठ वर्षांच्या पोरालाही कळलं. कुरडयांवर मात्र घराचं वर्षभराचं तळण अवलंबून होतं. मुलांना नुसतं गुंतवून ठेवायला गेलं की ती कंटाळतात. आपल्यावाचून घराचं अडतं हे कळलं की ती आपणहून रमतात. मात्र खरं काम सोपवलं की काही मोडणार, काही सांडणार. तेवढं नुकसान सोसायची तयारी मोठ्यांनी आधी करायची असते.